भुकटीला बांधणारें द्रव्य

वाशीम हें आज वऱ्हाडांतील एका जिल्ह्याचें मुख्य ठिकाण आहे. १९०५ सालीं मोडलेला हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन पुन्हां उभा राहिला. परंतु गांवाचा लौकिक याहून फार जुना. याचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ सालीं येथें सांपडलेला विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट त्याची साक्ष देतो. राजशेखर कवीनें आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भांतील याच वत्सगुल्म नगरींत लावून दिला आहे. 'साहित्य' या शब्दाचा मूळ अर्थच सहित असणें, एकत्र नांदणें. शब्द आणि अर्थ एकमेकांस धरून कसे राहतात, हा कवींचा प्रश्न. मातीचा एक कण दुसऱ्या कणास धरून कसा राहतो, हा कारागिरांचा प्रश्न. आणि तोही या नगरीच्या इतिहासांत तितकाच जुना आहे.

वत्सगुल्माच्या गादीवरील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव यानें इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, असें तेथील शिलालेख सांगतो. लेण्याच्या भिंती खडबडीत कातळाच्या. त्यांवर चित्र काढावयाचें म्हणजे प्रथम गिलावा हवा. अजिंठ्याच्या कारागिरांनीं माती घेतली, तींत दगडाची कच, भाताचें तूस व वनस्पतींचे तंतु मिसळले, भिंतीवर थर दिला आणि वरून चुन्याचा पातळ हात फिरविला. तो सुकल्यावर चिकट द्रव्यांत कालविलेले रंग त्यावर भरले. माती, कच, चुना आणि रंग हीं सगळीं भुकटीच. तिला एकत्र धरणारें कांहीं नसतें, तर पहिल्याच उन्हाळ्यांत ती भिंतीवरून गळून पडली असती. अशा धरून ठेवणाऱ्या पदार्थास बंधक द्रव्य म्हणावें. हेंच द्रव्य शोधण्याचा उद्योग आज जगांतील प्रयोगशाळांत पुन्हां जोरानें चालू आहे; मात्र आतां भुकटीवरून फिरणारा हात माणसाचा नसून लेसर किरणाचा आहे.

बंधक द्रव्याची ओळख करून घेण्यासाठीं प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. संक्रांतीस घरोघर तिळाचे लाडू होतात. सुटे तीळ कितीही दाबले तरी त्यांचा लाडू वळत नाहीं. गुळाचा पाक करून त्यांत ते टाकले म्हणजे वळतो. पाक कच्चा राहिला तर लाडू बसतो, जास्त झाला तर दांतांस दाद देत नाहीं. म्हणून जाणती गृहिणी पाण्याच्या वाटींत एक थेंब टाकून पाक गोळीबंद झाला कीं नाहीं तें पाहते. जुन्या वाड्यांच्या बांधकामांतील चुना घाणींत मळतांना गूळ, बेलफळाचा गर, उडदाचें पीठ घालीत, तेंही याच हेतूनें. दोन्हीं ठिकाणीं गोष्टी तीनच : जिला बांधावयाचें ती भुकटी, जें बांधतें तें द्रव्य, आणि बांधण्याची नेमकी वेळ. पैकीं एक चुकली तरी सारें फसतें.

भुकटी बांधण्याची दुसरी रीति कुंभाराच्या आव्यांत पाहावयास मिळते. कच्चें मडकें पाण्यांत ठेवलें तर विरघळून पुन्हां चिखल होतें. भाजलेलें मडकें पाणी भरून ठेवतें. भाजतांना माती वितळून रस झालेली नसते, मडक्याचा आकार तसाच राहतो. तरीही तिचे कण कायमचे जुळलेले असतात. भरपूर उष्णता मिळाली म्हणजे एकमेकांस टेकलेल्या कणांमधील अणु आपली जागा सोडून सांध्याकडे सरकूं लागतात, आणि दोन कणांच्या मध्यें एक बारीकशी मान तयार होते. ती मान हळूहळू जाड होते, मधल्या पोकळ्या भरत जातात व वस्तु आकसते. मातीसारख्या पदार्थांत कांहीं अंश कांचेप्रमाणें पातळ होऊन बाकीच्या कणांस चिकटवितो, त्यानेंही काम सोपें होतें. या सर्व क्रियेस शास्त्रज्ञ सिंटरिंग असें नांव देतात. तिला अग्नि लागतो तसा वेळही लागतो. आवा एका घटकेंत उतरत नाहीं.

आतां लेसरकडे वळावें. अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठाचा विद्यार्थी कार्ल डेकार्ड यानें आपले अध्यापक जो बीमन यांच्या साह्यानें एक यंत्र रचलें व १९८६ सालीं त्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला. यंत्राची कल्पना साधी आहे. एका सपाट पेटींत भुकटीचा सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर पसरावयाचा. संगणकाच्या हुकमानें लेसरचा किरण त्या थरावर फिरतो आणि वस्तूच्या त्या पातळीवरील आकृति जेवढी असेल तेवढीच भुकटी तापवितो. तापलेले कण जुळतात. न तापलेले सुटे राहतात. मग पेटीचा तळ थोडा खालीं जातो, वर नवा थर पसरतो, किरण पुन्हां फिरतो. असे शेंकडों थर झाल्यावर सुटी भुकटी झाडून काढली कीं आंतून तयार वस्तु निघते. सांचा नको, ठोकणें नको, कापणें नको. पोकळीच्या आंत पोकळी असलेली वस्तुही यांत सहज होते. पेटींतील सुटी भुकटीच तिला आधार देत असल्यामुळें वेगळा टेकूही लागत नाहीं.

नायलॉनसारख्या पदार्थाची भुकटी या यंत्रास उत्तम मानवते. नायलॉनचा एक प्रकार सुमारें १८० अंशांवर वितळतो. पेटी आधींच त्याच्या थोड्या खालच्या उष्णतेवर राखलेली असते, म्हणून किरणाचा नुसता स्पर्श झाला तरी कण विरघळून एकजीव होतात. परंतु ज्यांस धातु म्हणतां येत नाहीं अशा कठीण पदार्थांच्या भुकट्या, म्हणजे चिनी माती, वाळू, अॅल्युमिना, हाडांतील खनिज, या यंत्रास सहजासहजीं वश होत नाहींत. अॅल्युमिना वितळण्यास दोन हजारांहून अधिक अंश उष्णता लागते. बरें, न वितळवितां आव्याप्रमाणें केवळ कण जुळवावे म्हटलें तर वेळ कोठें आहे? किरणाचा ठिपका ०.४ मिलिमीटर रुंद असला आणि तो सेकंदास २ मीटर वेगानें धांवत असला, तर एका जागीं तो सेकंदाचा पांचहजारावा भाग एवढाच थांबतो. ज्या कामास भट्टींत तासच्या तास जातात तें काम इतक्या अवकाशांत व्हावें कसें? किरणाचा जोर वाढवावा, तर एकाएकीं तापून एकाएकीं निवणारा हा ठिसूळ पदार्थ तडकतो. कढत पेल्यावर थंड पाणी पडल्यासारखी त्याची गत होते.

या अडचणींतून बंधक द्रव्यानें वाट काढून दिली. भट्टीचें काम किरणाकडून करवून घेण्याचा हट्टच सोडून द्यावयाचा. कठीण भुकटींत लवकर वितळणारें एखादें द्रव्य मिसळावयाचें. किरणानें तेवढेंच वितळवावयाचें. वितळलेलें द्रव्य कणांच्या मध्यें शिरून निवलें कीं वस्तूचा कच्चा घाट तयार होतो. पुढें हा घाट भट्टींत ठेवून हळूहळू तापविला म्हणजे बंधक द्रव्य जळून निघून जातें, आणि उष्णता आणखी वाढविल्यावर मूळचे कण आपसांत जुळून वस्तु पक्की होते. कमान बांधतांना तिच्याखालीं लांकडी आधार देतात आणि चुना धरल्यावर काढून घेतात, तसेंच हें आहे. आधार जितका वेळेवर येणें महत्त्वाचें, तितकाच तो वेळेवर जाणेंही महत्त्वाचें.

असें द्रव्य कसें असावें? तें कोरडें व मोकळें हवें, नाहीं तर थर सारखा पसरणार नाहीं. त्यानें किरणाची उष्णता शोषून घेतली पाहिजे. कर्बद्विप्राणिद वायूवर चालणाऱ्या लेसरचा किरण १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा असतो; तो बहुतेक पॉलिमर व बहुतेक खनिज भुकट्या चांगला शोषतात, म्हणून या कामीं तो सोयीचा. द्रव्य वितळल्यावर पाण्यासारखें पातळ होऊन कणांस भिजविणारें हवें. मधासारखें घट्ट राहिलें तर कणांच्या सांध्यांत शिरतच नाहीं. निवल्यावर त्याची पकड एवढी हवी कीं घाट हातानें उचलतां यावा. आणि शेवटीं, जातांना त्यानें मागें राख किंवा काजळी ठेवूं नये.

या कसोट्या लावून घरगुती चिकट पदार्थ तपासून पाहिले म्हणजे गंमत कळते. धावड्याचा डिंक उत्तम चिकटतो, पण पाण्यांत. कोरडा डिंक तापविला तर तो वितळत नाहीं, करपतो. सोयाबीन हें तर आज वाशीम जिल्ह्याचें मुख्य पीक. त्यांतील प्रथिनांपासून गेल्या शतकांत अमेरिकेंत प्लायवूड चिकटविण्याचा सरस तयार होत असे. परंतु प्रथिनेंही उष्णतेनें वितळत नाहींत, म्हणून लेसरसाठीं त्यांचा थेट उपयोग नाहीं. साखर वितळते खरी, पण वितळतांच करपूं लागते. मधला अवकाश फारच थोडा. लाख मात्र सुमारें ७० ते ८० अंशांवर मऊ होऊन वितळते. तथापि फार वेळ तापविली तर तिचें रूप पालटतें व ती पुन्हां वितळेनाशी होते. तात्पर्य, चांगला डिंक आणि चांगलें बंधक द्रव्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणूनच संशोधकांनीं नायलॉन, मेथाक्रिलेट जातीचे पॉलिमर, इपॉक्सी, मेण, स्टिअरिक आम्ल अशीं द्रव्यें एकामागून एक पारखून पाहिलीं.

द्रव्य सांपडलें तरी तें भुकटींत मिसळावें कसें, हा प्रश्न उरतोच. दोन भुकट्या नुसत्या ढवळून एकत्र केल्या तर त्या एकत्र राहतीलच असें नाहीं. अॅल्युमिना पाण्याच्या जवळजवळ चौपट जड, पॉलिमर पाण्याएवढेंच. सुपांत धान्य पाखडतांना दाणा एकीकडे व कुटार दुसरीकडे होतें. त्याचप्रमाणें यंत्राचा रूळ थर पसरूं लागला कीं जड व हलके कण आपापल्या वाटेनें जातात. मग घाटाच्या एका भागांत बंधक द्रव्य फार व दुसऱ्या भागांत अगदीं थोडें, असें होऊन तो जागोजाग भुसभुशीत राहतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक कणावरच बंधक द्रव्याचा पातळ लेप चढवितात. द्रव्य विरघळवून त्यांत भुकटी कालवितात आणि त्याचे तुषार गरम हवेंत उडवून सुकवितात. किंवा तापलेल्या द्रावणांतून तें हळूहळू कणांवर बसवितात. असें केल्यानें द्रव्य थोडें पुरतें व सगळीकडे सारखें पोंचतें. खर्च मात्र वाढतो.

द्रव्य किती घालावें यालाही सीमा आहे. कमी पडलें तर घाट उचलतांना तुटतो. जास्त झालें तर तें निघून गेल्यावर मागें तितकीच पोकळी उरते. समजा, कच्च्या घाटांत खऱ्या कठीण पदार्थानें निम्मीच जागा व्यापिली आहे. तो भाजून पूर्ण घट्ट झाला म्हणजे त्याचें आकारमान अर्धें होणार, आणि लांबी, रुंदी व उंची प्रत्येकीं शेंकडा सुमारें २० नीं घटणार. हें आकसणें सर्व बाजूंनीं सारखें असेल तर आधींच तेवढा मोठा घाट करून भागतें. कमीजास्त असेल तर वस्तु वाकडी होते. द्रव्य बाहेर घालविण्याची वेळ तर त्याहूनही नाजूक. पॉलिमर दोनशें अंशांच्या पुढें विघटूं लागून त्याचा वायु होतो. भट्टी घाईनें तापविली तर आंत कोंडलेला वायु वाट फोडून बाहेर येतो; घाटास फोड येतात, चिरा पडतात. ओलें मडकें आव्यांत घालूं नये हें कुंभाराच्या पोरालाही ठाऊक असतें. त्यांतील तत्त्व हेंच.

जाणारेंच द्रव्य घ्यावें असा मात्र नियम नाहीं. टेक्ससमधील संशोधकांनीं १९९० च्या सुमारास एक निराळा मार्ग चोखाळला. त्यांनीं अॅल्युमिनांत अमोनियम फॉस्फेट मिसळलें. तें १९० अंशांच्या आसपास वितळून कणांस धरतें, आणि पुढें भट्टींत अॅल्युमिनाशीं संयोग पावून अॅल्युमिनियम फॉस्फेट हा उष्णता सोसणारा पदार्थ बनतो. बोरॉनचा ऑक्साइड सुमारें ४५० अंशांवर वितळतो व त्याचप्रमाणें अॅल्युमिनाशीं मिळून जातो. येथें पाहुणा म्हणून आलेलें द्रव्य घरचेंच होऊन राहतें. जळून जाणारें कांहीं नसल्यामुळें वायु कमी, आकसणें कमी. मात्र वस्तु कांहींशी सच्छिद्र राहते व तिची बळकटी शुद्ध अॅल्युमिनाएवढी होत नाहीं.

महाराष्ट्रांत या विद्येचा अगदीं जवळचा संबंध कोल्हापूरच्या ओतकामाशीं येतो. पंपाचें किंवा इंजिनाचें अंग ओतावयाचें म्हणजे वाळूचा सांचा लागतो, आणि आंतील पोकळीसाठीं वाळूचाच गाभा लागतो; कारखान्यांत त्यास कोअर म्हणतात. त्या वाळूला बांधण्यास पूर्वीं जवसाचें तेल, मळी अशीं द्रव्यें वापरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जर्मनीच्या योहानेस क्रोनिंग यानें वाळूच्या कणांवर फेनॉलिक राळेचा लेप देऊन, ती तापलेल्या धातूच्या सांच्यावर टाकून पातळ कवच तयार करण्याची रीति काढली. तीच लेप दिलेली वाळू लेसरच्या पेटींत पसरली तर लांकडी नमुना न करतांच सांचा व गाभा तयार होतो. किरणानें राळ अर्धवट पक्की होते, भट्टींत ती पुरती पक्की होते. वर वितळलेलें लोखंड ओतलें कीं त्याच्या उष्णतेनें राळ जळते आणि वाळू आपोआप सुटी होऊन झडते. येथें बंधक द्रव्यानें धातु गोठेपर्यंत धरावयाचें आणि गोठतांच सोडावयाचें. आधीं सुटलें तर ओतीव फुकट. उशिरा सुटलें तर गाभा आंतच अडकून बसतो. ज्या जुन्या यंत्राचा नमुना आतां कोठेंही मिळत नाहीं, त्याचा एकच मोडका भाग ऐन हंगामांत ओतून हवा असतो, तेव्हां या रीतीचें मोल कळतें. एका सांच्यासाठीं महिनाभर नमुना कोरीत बसणें शेतकऱ्यास परवडत नाहीं.

याहून मोलाची गोष्ट हाडाची. माणसाच्या हाडांतील खनिज भाग कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. अपघातानें किंवा रोगानें हाडाचा तुकडा गेला तर तेथें बसविण्यासाठीं नेमक्या त्याच आकाराचा तुकडा हवा. १९९० नंतरच्या दशकांत टेक्ससमध्येंच कॅल्शियम फॉस्फेटच्या भुकटीस मेथाक्रिलेट पॉलिमरचें बंधक देऊन लेसरनें असे घाट करण्यांत आले. मग पॉलिमर जाळून टाकला म्हणजे सच्छिद्र तुकडा उरतो व त्या छिद्रांतून शरीराचें नवें हाड वाढूं शकतें. बंधक द्रव्याचा शेवटचा कण गेला कीं नाहीं, हा प्रश्न येथें कारखान्यांतल्या फायद्या-तोट्याचा नाहीं. मागें राहिलेला अंश रोग्याच्या शरीरांत जाणार असतो.

उलट कांहीं वस्तूंत द्रव्यानें कायम राहावें हेंच इष्ट. चीनमध्यें हार्बिन येथील वनविद्येच्या विद्यापीठांत अक्रोडाचीं टरफलें, भाताचें तूस, बांबू यांची बारीक पूड करून तींत वितळणाऱ्या पॉलिमरची भुकटी मिसळण्यांत आली व लेसरनें वस्तु घडविण्यांत आल्या. लांकडी पूड भट्टींत घातली तर ती जळून जाईल. म्हणून बंधक द्रव्य तेथेंच ठेवावयाचें आणि छिद्रांत मेण मुरवून वस्तु बळकट करावयाची. वाशीमच्या शेतांत पऱ्हाटी, तुराटी व सोयाबीनचें कुटार यांस तोटा नाहीं. २०१८ सालीं केंद्र सरकारनें विकासांत मागें राहिलेले जे जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले त्यांत वाशीमचा समावेश आहे. जी काडी चुलींत किंवा बांधावर जळते तिची पूड एखाद्या दिवशीं उपयोगी वस्तूचें अंग होऊं शकेल, हा विचार म्हणून अगदींच हवेंतला नाहीं. मात्र त्यांत एक मेख आहे. अशा वस्तूंत काडीची पूड स्वस्त असते व बंधक पॉलिमर महाग. जोंवर पूड शेतकऱ्याची आणि बंधक द्रव्य परक्याचें, तोंवर नफाही बहुधा परक्याचाच राहील. लाख, राळ, वनस्पतींच्या तेलापासून होणारे पॉलिमर अशा देशी द्रव्यांतून योग्य बंधक काढणें, हें म्हणूनच या विषयांतील खरें काम आहे. सोयाबीनचा सरस लेसरखालीं वितळत नसला तरी त्याच सोयाबीनचें तेल रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं निराळें रूप घेऊं शकतें.

शेवटीं पुन्हां अजिंठ्याकडे यावें. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें चित्रांच्या रक्षणासाठीं इटलीहून चेकोनी व ओर्सिनी या दोन तज्ज्ञांस आणविलें. सुटूं लागलेला गिलावा त्यांनीं भिंतीस पुन्हां बसविला, हें त्यांचें काम मोठें. परंतु चित्रांचे रंग धरून राहावेत म्हणून त्यांवर लाखेचें रोगणही देण्यांत आलें. त्या दिवशीं चित्रें उजळलीं असतील. कालांतरानें तेंच रोगण पिंवळें पडून काळवंडलें, त्यावर धूळ बसली, आणि खालचे रंग झांकले गेले. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांस तें थोडथोडें करून उतरविण्यासाठीं वर्षानुवर्षें खपावें लागलें. हेतु चांगला होता, हात कुशल होते, पकडही घट्ट होती. चूक एवढीच कीं हें द्रव्य पन्नास वर्षांनीं कसें वागेल, याचा विचार कमी पडला. वराहदेवाच्या कारागिरांचा मातीचा गिलावा पंधरा शतकें टिकला, आणि त्याच्या रक्षणास आलेलें रोगण थोड्याच दशकांत त्यास ओझें झालें.

यास्तव कोणतेंही नवें बंधक द्रव्य पुढें आलें, मग तें लेसरसाठीं असो, गिलाव्यासाठीं असो वा हाडासाठीं, तर त्यास तीन प्रश्न विचारावेत. तें केव्हां धरतें? तें केव्हां सोडतें? आणि गेल्यावर मागें काय ठेवतें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर प्रयोगशाळेंत एका दिवसांत मिळतें. दुसऱ्यास भट्टी लागते. तिसऱ्यास कधीं कधीं एक पिढी लागते. घाईचा कारागीर पहिल्यावरच समाधान मानतो. वत्सगुल्माच्या सचिवानें ज्यांच्याकडून लेणें करविलें ते कारागीर तसे नव्हते, आणि म्हणूनच त्यांनीं भिंतीवर थापलेली माती आजही जागेवर आहे.